वर गेलेला हात

आमच्या घरात कपबशा एकमेकींना खेटून ठेवायच्या नाहीत, हे मी लग्न होऊन आले त्याच दिवशी शिकले. फडताळात दोन कपांच्या मध्ये जुन्या कापडाची घडी घालायची. भिंतीपलीकडे आत्याबाई बोलायला लागल्या की सगळी भांडी त्यांच्या हो ला हो करायची, आणि एखादा कप हो म्हणता म्हणता खाली यायचा.

आत्याबाई म्हणजे कारखान्यातला मोठा घण. भट्टीतून लालभडक लोखंड बाहेर काढायचं, ऐरणीवर धरायचं आणि वरून हा घण पडायचा. गाड्यांचे आस, जाड साखळ्यांच्या कड्या, बंदरावर लागणारे आकडे, सगळं तिथे घडायचं. नाव कामगारांनीच ठेवलेलं. का, तर ती बोलत असताना मध्ये कुणी बोलायचं नसतं, आणि बोललं तरी ऐकू कुणाला जाणार?

माझे सासरे, मामंजी, उभं आयुष्य त्या घणासमोर तापलं लोखंड धरायची सांडस घेऊन उभे राहत आलेले. त्यात त्यांचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटा, मग सासूबाईंचा आवाज. सासूबाई वारल्या तेव्हा घरात कोण किती रडलं, हे त्यांनी नुसतं चेहऱ्यांवरून पाहिलं.

घरात त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नसे. मनानं वाईट कुणीच नव्हतं. पण एक वाक्य चार वेळा ओरडून सांगायचं म्हटलं की माणूस ते वाक्यच टाळतो. आमच्या ह्यांचं तर असं, की वडिलांशी बोलताना आवाज चढवावा लागायचा, आणि आवाज चढला की त्याच्या मागोमाग राग आपोआप यायचा.

माझं त्यांच्याशी जमलं ते माझ्या नेमामुळे. सकाळी उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी त्यांना हातानंच विचारलं, चहा ठेवू का? परमुलखात गाववाला भेटावा तसा त्यांचा चेहरा उजळला. "पोरी," ते आपल्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "तू कुठल्या शेडमध्ये होतीस गं?"

त्या दिवसापासून रोज सकाळी चहासोबत त्यांनी मला शेडची भाषा शिकवली, घणाच्या आवाजात कामगार हातांनी बोलतात ती. मूठ तळहातावर आपटली की 'मार'. तळहात पालथा धरून हलवला की 'दमानं'. बोटं एकमेकांवर चोळली की 'तापलंय'. नाकाचा शेंडा वर ढकलला की 'साहेब येतोय'. शेडमध्ये नव्हते ते शब्द आम्ही दोघांनी घरी बनवले. मीठ, औषध, पाऊस, लेक.

सगळ्यांत मोठी खूण एकच होती. उघडा पंजा, डोक्याच्या वर. 'थांब'. ही खूण कुणीही करावी, कालच कामाला लागलेल्या माणसानंसुद्धा. ज्याला ती दिसेल त्यानं तत्क्षणी आपलाही हात वर करायचा, म्हणजे त्याच्या पुढच्याला दिसेल. अशी ती हाताहातांतून पळत घण चालवायचा दांडा धरून बसलेल्या माणसापर्यंत पोचायची आणि घण हवेतच थांबायचा. का थांबवला, ते मागाहून. मामंजी म्हणायचे, "आधी का म्हणून विचारत बसलं, तर उत्तर द्यायला माणूस उरतो का?"

कारखाना हलवायचा आणि त्या जागेवर घरं बांधायची, ही गोष्ट आमच्या गल्लीत आधी कुजबुजीत आली, मग रंगीत नकाशात. कारखाना शहराबाहेर जाणार, तिथे नवी यंत्रं बसणार, ती चालवायला तरणी माणसं घेणार आणि म्हाताऱ्यांना हार घालून घरी पाठवणार. मोकळ्या झालेल्या जागेवर इमारती होणार, आणि त्यांतली पहिली घरं भिंतीलगत राहणाऱ्या आम्हा लोकांना. अट एवढीच की गल्लीतल्या निम्म्याहून अधिक घरांनी सभेत संमती द्यायची. एका घराला एक मत, आणि ज्याच्या नावावर खोली त्याचं ते मत.

आमच्या खोल्या मामंजींच्या नावावर होत्या.

घर मला हवं होतं. हे आधीच सांगितलेलं बरं. आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत मामंजींची खाट आणि पडद्याच्या अलीकडे लेकीचं अंथरूण. आतल्या खोलीत स्वयंपाक, आणि तो आवरला की तिथेच आम्ही दोघं. लेक आता मोठी झाली होती. तिला कपडे बदलायचे तर कपाटाचं दार उघडून त्याच्या आड, आणि मी समोर चादर धरून उभी. एकदा ती चादरीमागून म्हणाली, "आई, माझं लग्न झाल्यावर पण तू अशीच चादर घेऊन येणार का गं?" दोघी हसलो. मग ती म्हणाली, "वर्गातल्या एकाही मैत्रिणीला मी अजून घरी आणलेलं नाही." त्यावर मात्र मी चादर आणखी उंच धरली.

गल्लीचे दोन तट पडले. चहावाला म्हणायचा, "कामगार गेले तर मी चहा पाजू कुणाला? फ्लॅटातली माणसं चहा आपापल्या घरी पितात." समोरची शिवणवाली मशीन चालवता चालवता म्हणायची, "माझं म्हणणं, घणही ठेवा आणि घरंही द्या. पण माझं ऐकतंय कोण? मी काय आत्याबाई आहे?"

आमच्या घरात तट पडायला माणसंच थोडी. तरी पडले.

"बाबा, घर!" हे मामंजींच्या कानाशी ओरडत. "घर म्हणतोय मी!"

"घरातच तर आहे की."

"नवं घर! नवं!"

"हवा? लाव की मग पंखा."

लेक खुदकन हसली. ह्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठून बाहेर गेले. मामंजींना सगळं समजलं होतं. नको असलेला विषय टाळायला बहिरेपणाचा उपयोग करणं त्यांना छान जमायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या नेमाच्या वेळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हातांनी सावकाश सांगितलं, "बाहेर मी बहिरा. शेडमध्ये नाही. तिथे सगळे हातांनीच बोलतात. तिथे मी बोलतो, भांडतो, थट्टा करतो. तिथून काढलं की मग मी दिवसभर बहिरा. मरेपर्यंत." एवढं बोलून त्यांनी कप पुन्हा उचलला.

सभा शाळेच्या सभागृहात झाली. भट्टीवरचे लोक पाळी संपवून थेट आलेले, अंगावर अजून लोखंडाचा वास. ते सगळे मागच्या रांगेत बसले, भिंतीला पाठ लावून. ऐकू येत नाही अशी माणसं नेहमी तिथेच बसतात, समोरचं सगळं दिसावं म्हणून. मध्यभागी मामंजी, आणि रांगेच्या एका टोकाला दांडेकाका, म्हणजे घणाच्या दांड्यावर बसणारे. आमचे हे तरुण पोरांबरोबर दाराशी उभे. मला आणि लेकीला खिडकीजवळच्या बाजूच्या खुर्च्या मिळाल्या. मामंजींचं नि माझं ठरलेलं होतं. काय बोलणं चाललंय ते मी तिथून हातांनी सांगत राहायचं, आणि 'नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा' असं आलं की मान हलवायची. बाकीचे म्हातारे मामंजींकडे बघून करणार होते.

पहिला तासभर मी सांगत राहिले. पालिकेचा तरुण अधिकारी चांगला बोलला. उजेड, वारा, मुलांना खेळायला जागा. माझे हात ते सगळं सांगत होते आणि मन प्रत्येक शब्दाला होकार देत होतं. मामंजी दुरून माझे हात वाचत होते आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नव्हते.

मग अधिकारी म्हणाला, "आता एक छोटी चित्रफीत पाहू," आणि सभागृहातले दिवे घालवले.

माझे हात अंधारात गेले.

पडद्यावर आमचा कारखाना दिसला. संगणकावर काढलेलं चित्र, पण हुबेहूब. छप्पर अलगद उचललं गेलं. भट्टीची चिमणी विरघळली. रस्त्याच्या बाजूची उंच भिंत हलली आणि बाहेरच्या अंगाला कलू लागली. पुढे त्या जागी झाडं उगवणार होती म्हणे. पण भिंत कलत असतानाच चित्रात खालच्या रस्त्यावरून एक फ्रॉकातली मुलगी चेंडू घेऊन चालत होती. चित्र काढणाऱ्यानं शोभेसाठी टाकलेली मुलगी.

त्याच वेळी सभेच्या अध्यक्षबाई माईकवरून म्हणाल्या, "तर मंडळी, ज्यांची या योजनेला संमती आहे, त्यांनी हात वर करावेत." कुणीतरी दिवे लावले.

मामंजींचा हात वर होता. उघडा पंजा, डोक्याच्या वर, डोळे पडद्यावरच्या मुलीवर. त्यांच्या शेजारच्याचा हात वर जात होता, त्याच्या शेजारच्याचा, मग त्याच्या. वारं शिरल्यासारखी ती खूण रांगेतून सरकत दांडेकाकांपर्यंत पोचली आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

सभागृह अवाक झालं. ही रांग विरोधात जाणार हे शाळेच्या शिपायालाही ठाऊक होतं. अधिकाऱ्यानं मोजलं, पुन्हा मोजलं. "निम्म्याहून अधिक घरांची संमती झाली आहे," तो म्हणाला, आणि त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. "तेव्हा विरोधी मतं मोजण्याचं कारण उरत नाही." टाळ्या पडल्या. चहावाला कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हाताऱ्यांना चळ लागला!"

मी उठून उभी राहिले. "अहो, थांबा," म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान. तो टाळ्यांत कुठच्या कुठे गेला. हात वर करावा, तर तोही होकारच समजला गेला असता.

तेवढ्यात मामंजींनी मला पाहिलं. पडद्यावरचं चित्र संपलेलं, दिवे लागलेले, माणसं आनंदात. दुरून, सगळ्यांच्या डोक्यांवरून, त्यांनी मला खूण केली. "थांबलं." आणि ते हसले.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. ह्यांनी दारातून येताच वडिलांना मिठी मारली. "बाबा, तुम्ही मोठं मन केलंत. मी काय काय बोललो तुम्हाला, आणि तुम्ही…" मामंजींना शब्द ऐकू आले नव्हते, पण मुलाचे ओले डोळे दिसले. त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि त्याच्या खांद्यावरून मला सांगितलं, "पोरगा समजला मला." बाप म्हणत होता, मुलगा नमला. मुलगा म्हणत होता, बाप नमला. कित्येक महिन्यांनी दोघं मांडीला मांडी लावून जेवले. ह्यांनी वडिलांच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं. लेकीनं नकाशा ताटाशेजारी ठेवला होता आणि जेवताना बोटानं एक चौकोन पुन्हा पुन्हा गिरवत होती.



भांडी विसळायला मागच्या मोरीत गेले तेव्हा हे पुसायला आले. असं ते कधी येत नसत, इतके खुशीत होते. मी हळूच म्हटलं, "अहो, मामंजींनी हो म्हटलेलं नाही."

"म्हणजे?"

"भिंत पडताना पाहिली त्यांनी. खाली पोर होतं. त्यांचा हात थांबवायला वर गेला. बाकीच्यांनी त्यांचा हात बघून केला."

ते ताटली पुसत राहिले, कोरडी झाली तरी पुसत राहिले. "तुला ते म्हणाले तसं?"

"त्यांना अजून माहीतच नाही काय झालं ते. त्यांना वाटतंय, योजना थांबली."

"मग झालं तर. हात वर केला ना? अख्ख्या सभेनं पाहिला ना?" त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, शनिवारी अध्यक्षबाई सही करतील आणि विषय संपेल. तोवर तोंड उघडू नकोस. तुझा रोजचा मौनाचा नेम आहे ना? मग पाळ की चार दिवस जास्त. एरवी देवासाठी पाळतेस, एकदा पोटच्या पोरीसाठी पाळ."

हे बोलणं लागलं मला. त्यात खोटं असं काहीच नव्हतं, म्हणून अधिकच लागलं.

सकाळी प्रार्थनेला बसले. शब्द पाठच आहेत, पण एकही जागेवर येईना. डोळे मिटले की उजेडाची खोली दिसायची, आत पुस्तकं मांडलेलं टेबल, आणि मी कुठे चादर धरून उभी नाही. मी मध्येच उठले. आत मामंजी चहाची वाट बघत होते. नेम अजून सुटला नव्हता, आणि जे सांगायचं ते सांगायला मला तोंड उघडावंच लागणार नव्हतं.

मी त्यांच्यासमोर बसले आणि हातांनी सगळं सांगितलं. काल दिवे लागले तेव्हा बाईंनी काय विचारलं. वर गेलेले हात कशाचे म्हणून मोजले. टाळ्या कशाच्या होत्या. मुलगा का रडला.

मग त्यांनी विचारलं, "सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि परका असल्यासारखा त्याच्याकडे पाहिलं. चहा तसाच ठेवून ते कामावर गेले. त्या सकाळी भिंतीपलीकडून आत्याबाईंचा आवाज बराच उशिरा आला.

दुपारच्या सुट्टीत मागच्या रांगेतले सगळे आमच्या दारात उभे. पाणी द्यायला मी बाहेर आले, तर त्यांचं भांडण जोरात चाललेलं, आणि गल्लीत मात्र चिटपाखराचा आवाज नाही. हात इतके वेगानं चालले होते की अर्धं मला समजेना. दांडेकाकांना थोडं ऐकू यायचं. ते मला म्हणाले, "सूनबाई, हा तुझा सासरा! जन्मात एकदा याचा हात चुकला, आणि तोही मी सभेतल्या खुर्चीत असताना. घणावर असतो तर निदान विचारलं असतं, बाबा रे, कशासाठी?"

"घणावर तुम्ही कधी विचारलंत का, काका?"

"नाही," ते म्हणाले. मग स्वतःशीच हसले आणि चेहऱ्यावरचं हसू पुसून टाकलं. "नाही विचारलं. तेच तर."

ठरलं असं की शनिवारच्या आत अध्यक्षबाईंकडे जायचं. त्या विचारतील ते या म्हाताऱ्यांना ऐकू जाणार नाही आणि म्हातारे सांगतील ते त्यांना समजणार नाही, म्हणून मी बरोबर जायचं. कुणी मला विचारलं नाही, येशील का. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. लेक शाळेतून आली तेव्हा मी बाहेर जायची साडी नेसत होते. तिला बापाकडून सगळं कळलेलं होतं.

"आई, तू बोलणार?"

"मी नुसतं सांगणार. बाईंचं आजोबांना, आजोबांचं बाईंना."

"नुसतं!" ती म्हणाली. तिनं चादर उचलली, घडी केली, पुन्हा उलगडली. "मग जा ना. थांबलीस कशाला?"

अध्यक्षबाईंची खोली लहान होती, आम्ही आत मावेनाच. त्यांनी चष्मा डोक्यावर चढवला आणि शांतपणे ऐकून घेतलं. अधिकारी टेबलाच्या कडेला उभा होता. तो उर्मट नव्हता, दमलेला होता. "बाई, मला यांच्याविषयी आदर आहे," तो म्हणाला. "पण हात वर केले, मोजले, जाहीर केले. उद्या कुणीही येऊन म्हणेल, माझा हात डोकं खाजवायला गेला होता."

अध्यक्षबाईंना हसू आलं. मग त्यांनी मागच्या लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हसू आवरलं. मला विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"सून."

"म्हणजे घर तुम्हालाच मिळणार होतं."

"हो."

"मग तुम्ही हे सांगायला कशा आलात?"

"मला घर हवंय, बाई. फार हवंय. घरात वयात आलेली मुलगी आहे. पण मामंजींनी ते दिलेलं नाही. त्यांनी न दिलेलं मी कसं घेऊ?"

त्यांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. मग म्हणाल्या, "ठीक. त्यांना विचारा, आता सगळं समजल्यावर त्यांचं मत काय आहे? हो की नाही? ते सांगतील ते मी लिहीन."

मी मामंजींकडे वळले. विचारायच्या कितीतरी तऱ्हा होत्या. चेहरा जरा पाडला असता, हात जरा रेंगाळला असता, तरी त्यांना समजलं असतं. मी सरळ विचारलं. "आता काय? हो की नाही?"

त्यांनी हातांनी मलाच उलट विचारलं.

"काय म्हणतायत?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मला काय हवं ते विचारतायत."

"मग सांगा."

'घर' ही खूण शेडमध्ये नाही, ती आम्ही स्वयंपाकघरात बनवलेली. दोन्ही हातांची बोटं वर टेकवून केलेलं छप्पर. तशी खूण करून मी हात खाली घेतले. मागच्या लोकांना ती माहीत नव्हती, पण न समजण्यासारखी ती नव्हतीच. एकदोघांनी खाली पाहिलं.

मामंजींनी माझ्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं. मग बाईंकडे वळून आपल्या त्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, "नाही. लिहा. माझं मत, 'नाही'."

मागोमाग एकेक जण पुढे आला आणि तेच म्हणाला. एकाला बोलताना रडू फुटलं. तो म्हणाला, "माझ्या घरी पण मुलं आहेत हो. पण नाही." बाईंनी लिहिलं. अधिकाऱ्यानं बेरीज केली नाही, त्याला ती समोर दिसत होती. कागद आवरताना तो मला म्हणाला, "हा विषय आता मागे पडला. पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. दुसऱ्या गल्ल्याही रांगेत आहेत."

"हो," मी म्हटलं.

परतताना मामंजी माझ्यापुढे चार पावलं चालत होते. हात पाठीमागे बांधलेले. त्यांच्यासारख्या माणसानं हात पाठीमागे बांधणं म्हणजे दुसऱ्या कुणी तोंड मिटून घेण्यासारखंच.

घरी हे आमच्या आधी पोचले होते. बातमी गल्लीनं पोचवली असणार. ते बुटांच्या नाड्या सोडत बसले होते आणि त्यांनी मान वर केली नाही. लेक बाहेरच्या खोलीच्या मधोमध उभी होती. ती रडली होती, पण आता रडत नव्हती.

"आजोबांना विचार," ती मला म्हणाली, "मी कुठे राहायचं?"

"अगं, त्यांना आधी बसू दे."

"तू म्हणालीस ना, बाईंचं आजोबांना नि आजोबांचं बाईंना? मग माझं पण सांग. जसंच्या तसं."

मी मामंजींपुढे उभी राहिले आणि जसंच्या तसं सांगितलं. लेक विचारतेय. मी कुठे राहायचं?

त्यांचे हात वर आले आणि थबकले. 'ठाऊक नाही' याला शेडच्या भाषेत खूण नाही. तापलेलं लोखंड समोर असताना तसं म्हणायची सोयच नसते, आणि घरीही आम्हाला ती कधी लागली नव्हती. त्यांनी हात खाली घेतले. नातीकडे बघून तोंडानं म्हणाले, आणि आवाज किती मोठा निघतोय हे त्यांना कळत नव्हतं, "मला ठाऊक नाही, पोरी."

ती दचकली नाही. "त्यांना सांग," ती म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलणार नाही."

"हे कशाला सांगतेस आता?" हे बुटांकडे बघतच म्हणाले.

"तिनं सांगायला सांगितलंय," मी म्हटलं, आणि सांगितलं.

मामंजींनी मान डोलावली. त्यांनी मला खूण केली, आणि ती तिच्यासाठी होती.

"म्हणतायत, बरोबर आहे तुझं."

लेकीनं आमच्याकडे पाठ केली होती. "ऐकलं," ती म्हणाली.